पॅकार्डचा मालक

अमेरिकेत पॅकार्ड नावाची एक मोटार कंपनी होती. ‘होती’ म्हणायचं, कारण १९५८ साली तिचं नाव बाजारातून गेलं. आजच्या पोरांना कॅडिलॅक ऐकून माहीत असते, पॅकार्ड म्हटलं की चेहरे कोरे. पण दुसऱ्या महायुद्धाच्या आधी अमेरिकेत बड्या माणसाची गाडी म्हटलं की पॅकार्डचं नाव आधी यायचं. या कंपनीचं जाहिरातीतलं ब्रीदवाक्य फार गाजलं. मराठीत सांगायचं तर, ‘ज्याच्याकडे आहे त्याला विचारा’.

मला हे वाक्य पहिल्यापासून आवडतं. आपणही स्थळ बघायला जातो तेव्हा मुलाला काही विचारत नाही, त्याच्या शेजाऱ्याला विचारतो. वस्तू विकणारा काय, चांगलंच सांगणार. वापरणाऱ्याला विचारलं की खरं कळतं.

या वाक्याला साजेशी कंपनीची जन्मकथाही आहे. ओहायो राज्यात वॉरन नावाच्या गावी जेम्स वॉर्ड पॅकार्ड हा विजेच्या दिव्यांच्या धंद्यातला माणूस राहायचा. त्याने विंटन नावाची गाडी विकत घेतली. ती त्याला पसंत पडेना, म्हणून तो तक्रार घेऊन थेट अलेक्झांडर विंटनकडे गेला. विंटनसाहेबांचं उत्तर साधारण असं होतं, की एवढं कळतं तर तूच का बनवत नाहीस? पॅकार्डने ते मनावर घेतलं. ६ नोव्हेंबर १८९९ रोजी त्याची पहिली गाडी वॉरनच्या रस्त्यावर धावली. म्हणजे ही कंपनी एका वैतागलेल्या गिऱ्हाइकाने काढलेली होती. गिऱ्हाइकाने गाडी उघडून बघावी, नावं ठेवावीत, बदल सुचवावेत, हे तिच्या रक्तातच होतं म्हणा ना.

१९०३ मध्ये कारखाना डेट्रॉईटला गेला. १९१५ साली त्यांनी बारा सिलिंडरची ‘ट्विन सिक्स’ आणली. १९२१ मध्ये अध्यक्ष हार्डिंग शपथविधीला मोटारीतून गेले (त्याआधीचे अध्यक्ष घोडागाडीतून जायचे), ती गाडी पॅकार्डच होती. महायुद्धात ब्रिटिशांच्या रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन अमेरिकेत बनवून हवं होतं. हेन्री फोर्डने ते काम नाकारलं आणि पॅकार्डने अंगावर घेतलं. अशी ५५ हजारांवर विमान-इंजिनं त्यांनी बनवली. मस्टँग विमानांत ती बसली, लँकेस्टर बॉम्बरमध्येही बसली. रोल्स-रॉइसने आपलं इंजिन विश्वासाने ज्याच्या हातात द्यावं, असा तो कारखाना.

आपल्याकडे ही गाडी संस्थानिकांकडे आणि मुंबईच्या बड्या लोकांकडे असायची. जीनांची पॅकार्ड आजही कराचीत जपून ठेवलेली आहे. मंटोने जीनांवर एक सुंदर व्यक्तिचित्र लिहिलंय, ‘मेरा साहब’. ते सगळं त्यांच्या ड्रायव्हरच्या तोंडून येतं. वकील, पुढारी, मित्र यांना सोडून मंटोने ड्रायव्हरला गाठलं, यात मला त्याचं मोठं शहाणपण दिसतं.

कारण माझा मुद्दा नेमका तोच आहे. पॅकार्डचं ते वाक्य अमेरिकेत ठीक होतं, कारण तिकडे गाडीचा मालक बहुधा स्वतःच गाडी चालवायचा. १९४० च्या मुंबईत ‘ज्याच्याकडे आहे त्याला’ विचारून काय कळणार होतं? शेटजी मागे बसायचे. गाडी गरम झाली की काय करायचं, चढणीला गियर कधी टाकायचा, पावसाळ्यात सकाळी ती का कुरकुरते, हे सगळं पुढे बसलेल्या माणसाला माहीत. आणि तो माणूस बऱ्याचदा आमच्याकडचा असायचा. रोहा, माणगाव, महाडकडची पोरं मुंबईला गेली ती गिरणीत, गोदीत, कुणाच्या घरी कामाला आणि काही मोटारीवर.

आमचे अण्णा त्यातलेच. अण्णा म्हणजे माझे आजोबा, मूळचे रोह्याचे. नात्यातल्या मंडळींना हे पाठ आहे, इतरांसाठी सांगतो. आधी ते खासगी सर्व्हिस मोटारीवर क्लीनर होते. एस.टी. यायच्या आधीचा तो काळ. मग मुंबईला गेले आणि गावदेवीतल्या एका शेटजींकडे ड्रायव्हर म्हणून राहिले, ते पुढची पंचवीस वर्षं. गाडी होती पॅकार्ड वन-ट्वेंटी, १९३९ चं मॉडेल. एका ओळीत आठ सिलिंडर, साडेचार लिटरच्या वरचं इंजिन, सहा व्होल्टची बॅटरी आणि बॉनेट एवढं लांब की अण्णा म्हणायचे, “वळताना नाक आधी पोचायचं, आपण नंतर.”

अण्णांना इंग्रजी येत नव्हतं. पण त्या गाडीबरोबर आलेलं पुस्तक त्यांनी चित्रं बघून पाठ केलं होतं. मला हे लहानपणी फार मोठं वाटायचं नाही, आता वाटतं. कारण कंपनीने ते पुस्तक गाडीत ठेवलं होतं! कुठला नट कुठे, कुठे वंगण घालायचं, कार्ब्युरेटर कसा जुळवायचा, सगळं लिहिलेलं. वॉरनच्या त्या वैतागलेल्या गिऱ्हाइकाचीच ती परंपरा. रोह्याचा चौथी पास माणूस ते चित्रावरून शिकू शकला.

पुढे अमेरिकेत पॅकार्डची घडी विस्कटली. १९३५ मध्ये त्यांनी हजार डॉलरच्या आतली स्वस्त पॅकार्ड काढली, तीच ही वन-ट्वेंटी. मंदीत कंपनी तिच्यामुळेच तगली. १९३७ मध्ये वर्षाला लाखाच्या वर गाड्या खपल्या. पण नंतरचे पंडित म्हणतात की याच स्वस्ताईने नावाचा दबदबा गेला. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक, आमचं घर मात्र त्या स्वस्त पॅकार्डनेच उभं केलं. १९५४ मध्ये कंपनी स्टुडबेकरबरोबर एकत्र झाली, १९५६ मध्ये डेट्रॉईटचा कारखाना बंद पडला. शेवटच्या दोन वर्षांच्या गाड्या म्हणजे स्टुडबेकरवर पॅकार्डचं नाव चिकटवलेलं. लोक त्यांना चेष्टेने ‘पॅकार्डबेकर’ म्हणायचे.

इकडे मुंबईतही अमेरिकन कंपन्यांचे दिवस संपत आले होते. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून होता. तिथे सुटे भाग बोटीने यायचे आणि गाड्या जोडल्या जायच्या. स्वातंत्र्यानंतर सरकारने सांगितलं की नुसतं जोडायचं नाही, इथे बनवायचं. त्यावर जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनी १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. वालचंद हिराचंद यांनी कुर्ल्याला काढलेल्या प्रीमियरमध्ये क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जात होत्या, तेवढाच काय तो आधार. बाहेरून गाडी आणणं जवळजवळ अशक्य झालं, तिचे भाग आणणंही अवघड.

म्हणजे बघा, कंपनी मेली, आयात बंद आणि गाडीचं वय वाढतंय. तरी अण्णांची पॅकार्ड चालत राहिली. कशी? अण्णा सांगायचे ते असं. अमेरिकन गाड्यांची नावं वेगळी असली तरी पोटातले बरेच भाग बाहेरच्या त्याच त्या कारखान्यांतून यायचे. पॅकार्डचा कार्ब्युरेटर स्ट्रॉमबर्गचा होता, तसे कार्ब्युरेटर ब्युइकवरही असायचे. बेअरिंगवर नंबर असायचा, तो नंबर घेऊन भंगारवाल्यांच्या गल्ल्या पालथ्या घालायच्या. जे मिळेना ते टर्नरकडून लेथवर करून घ्यायचं. बुश, पिना, गॅस्केट... गॅस्केटचा पत्रा तर ते स्वतः कापायचे. शेटजींना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की सकाळी नऊला गाडी दारात उभी असते.

आता सांगा, त्या पॅकार्डचा मालक कोण?

कागदोपत्री शेटजी. त्याबद्दल वाद नाही. पण कागद बाजूला ठेवले तर ती गाडी अण्णांची होती, असं मला वाटतं आणि हे भावनेच्या भरात म्हणत नाही. एखादी वस्तू आपली आहे म्हणजे काय? ती बिघडली तर काय करायचं हे ठरवणं आपल्या हातात आहे. ती उघडता येते, समजून घेता येते, दुसऱ्याकडून भाग आणून बसवता येतात. हे ज्याला करता येत नाही, तो तिचा प्रवासी.

पण गोष्ट इथेच थांबत नाही, आणि म्हणून माझं हे तत्त्वज्ञान थोडं तपासून घ्यावं लागतं. १९६४ मध्ये शेटजींनी नवी गाडी घेतली आणि जुनी पॅकार्ड अण्णांच्या नावावर करून दिली. पंचवीस वर्षांच्या नोकरीचं बक्षीस! अण्णा ती घेऊन ठाणे, मुंब्रा, पनवेल, खारपाडा करत पेणला आले (वाशीचा पूल व्हायला अजून नऊ वर्षं होती). सगळी आळी जमली. आजीने नारळ फोडला, ओवाळलं आणि संध्याकाळी विचारलं, “हिला खायला काय घालायचं?”

आजी बरोबर होती. गाडी गॅलनला तेरा-चौदा मैल द्यायची. म्हणजे आजच्या हिशेबात लिटरला पाच किलोमीटरच्या आसपास. गाडीची नस न् नस माहीत असलेला माणूस आता कायद्यानेही मालक झाला आणि पेट्रोल परवडेना! लग्नाच्या वरातीला ती जायची, पेणहून रोह्याला नवरा-नवरी पोचवायची. नागोठण्यानंतर भिसे खिंडीत आठ सिलिंडरचा तो जड, संथ आवाज ऐकलाय असं सांगणारी म्हातारी माणसं अजून भेटतात. पण वराती वर्षाला किती? १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल असं भडकलं की वरातीवाल्यांनीही हात जोडले. १९७४ मध्ये अण्णांनी ती मुंबईच्या एकाला विकली. विकताना डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं म्हणे. त्यांनी फक्त ते पुस्तक ठेवून घेतलं.

तेव्हा ज्ञान असलं की झालं असं मी म्हणणार नाही, ऐपतही लागते. मात्र दोन्हींत टिकलं काय, ते बघा. गाडी दहा वर्षांत गेली. ती दुरुस्त करताना आलेली विद्या मात्र राहिली. १९६५ मध्ये अण्णांनी पेणला हमरस्त्याला लागून गॅरेज टाकलं होतं. त्यावर माझे वडील आणि काका शिकले, दोन आत्यांची लग्नं झाली. माझा बँकेतला टायसुद्धा त्याच ग्रीसमधून आलाय. आज ते गॅरेज माझा चुलत भाऊ चालवतो, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. भाद्रपदाच्या आधी गणपती घेऊन निघालेले टेम्पो बंद पडले की पेणमध्ये रात्री दोनला ज्याला उठवतात तो हाच.

आणि आता खरी अडचण. माझा भाचा डेट्रॉईटजवळ राहतो, मोटारीच्याच धंद्यात आहे. मुलगा गुणी, आईवडिलांची काळजी घेणारा. त्याने ठरवलंय की रोह्याला राहणाऱ्या आईवडिलांना एक भारी अमेरिकन गाडी घेऊन द्यायची, इलेक्ट्रिक. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात जुलै २०२५ मध्ये टेस्लाचं दालन उघडलं, किंमत साठ लाखांच्या घरात. तेव्हापासून हे त्याच्या डोक्यात आहे. नात्यात दोन तट पडलेत. दादाला विचारलं तर तो हसून म्हणाला, “घ्या की. पण मला बोलवू नका, मला तिचं बॉनेटसुद्धा उघडायचा अधिकार नाही.”

तो हसत म्हणाला, पण त्याला लागलंय. गेल्या काही वर्षांत नव्या गाड्या त्याच्याकडे येतात तेव्हा निम्म्या वेळा तो नुसता बघतो. हाताने बदलता येईल असा भाग असतो, पण बदलल्यावर तो कंपनीच्या संगणकाकडून ‘ओळखून’ घ्यावा लागतो, त्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. संगणक कंपनीचा, परवलीचा शब्दही कंपनीचा. साठ वर्षांचं गॅरेज आणि अण्णांचा नातू, दोघेही दाराबाहेर.

भाच्याचं म्हणणं मी नीट ऐकून घेतलंय, ते उडवून लावण्यासारखं नाही. तो म्हणतो, मामा, या गाडीत बिघडायला भागच कमी. ना तेल बदलायचं, ना प्लग. उच्च दाबाची बॅटरी आहे, कुणीही हात घातला तर जीव जाईल. शिवाय कुलूप पक्कं असलं की चोरी कमी. आणि अण्णांना चॉइस होता का? शेटजींचा फोन गेला असता आणि कंपनीचा माणूस दारात आला असता, तर त्यांनी गॅस्केटचे पत्रे कापले असते का? बिनतोड आहे हे. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पॅकार्डने सोडलेला धूर आणि प्यालेलं पेट्रोल मला परत नकोय.

तरीही मी त्याला विरोध करतोय, त्याचं कारण अमेरिका नाही आणि वीजही नाही. कारण एवढंच, की कंपन्या जातात. पॅकार्ड गेली, ती तर रोल्स-रॉइसच्या तोडीचं काम करणारी होती. जनरल मोटर्स शिवडीतून १९५४ मध्ये गेली, पुन्हा आली, तळेगावला मोठा कारखाना काढला आणि २०१७ मध्ये इथली शेवरोलेची विक्री बंद करून टाकली. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. सर्व्हिस आणि सुटे भाग देत राहू असं दोघांनी सांगितलं. पण जाणारा पाहुणा पत्र लिहीन म्हणतोच. जाण्याबद्दल माझा राग नाही, धंदा आहे. प्रश्न मागे राहिलेल्याचा आहे. पॅकार्ड कंपनी गेली तेव्हा मागे एक पुस्तक, बेअरिंगवरचे नंबर आणि उघडता येणारं बॉनेट राहिलं. त्यावर गाडी आणखी सोळा वर्षं आमच्याकडे चालली. आजची कुलूपबंद गाडी विकणारी कंपनी गेली, तर रोह्याच्या अंगणात काय राहील? साठ लाखांचं तुळशीवृंदावन :-)

हा एकट्या दादाचा रडगाणा नाही. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कशासाठी? सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत, म्हणून. त्या यादीत देशी, जपानी, जर्मन, अमेरिकन सगळे होते. प्रकरण पुढे अपिलात गेलं. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एक पोर्टलही सुरू केलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने गाड्यांसाठी असा कायदा २०१२ मध्येच केला, २०२० मध्ये लोकांनी मतदान करून तो आणखी कडक केला. म्हणजे तिकडच्या गिऱ्हाइकालाही हे खुपतंय. वॉरनचा पॅकार्ड अजून मेलेला नाही म्हणायचा.

डेट्रॉईटचा पॅकार्डचा कारखाना मात्र कायमचा गेला. अल्बर्ट कानने आखलेल्या त्या इमारती कित्येक दशकं ओसाड पडून होत्या, २०२२ ते २०२४ या काळात त्यांतल्या बहुतेक पाडल्या. पाडण्याआधी भाचा एकदा तिथे जाऊन बाहेरून फोटो काढून आला होता. ते फोटो त्याने दादाला पाठवले, मला नाही. मला बरं वाटलं.

म्हणून भाच्याला माझं सांगणं असं. गाडी घ्यायची तर घे, तुझे पैसे आहेत आणि आईवडील तुझे आहेत. पण घेण्याआधी विकणाऱ्याला चार गोष्टी विचार आणि उत्तरं लेखी घे. दुरुस्तीचं पुस्तक मिळतं का? तपासणीचं यंत्र बाहेरच्या गॅरेजला विकत मिळतं का? कंपनीने इथला धंदा बंद केला तर गाडीतलं सॉफ्टवेअर चालू ठेवायची जबाबदारी कुणाची? आणि रोह्याला गाडी बंद पडली तर माणूस कुठून येणार, पेणहून की वांद्र्याहून? यातल्या तिन्हींचं उत्तर सरळ आलं आणि माणूस पेणहून येणार असेल, तर मी स्वतः नारळ घेऊन उभा राहीन. उत्तर टोलवाटोलवीचं आलं, तर ती कितीही भारी असो, तुझे आईवडील तिचे मालक होणार नाहीत. पंचवीस वर्षं मागच्या सीटवर बसलेल्या शेटजींना निदान अण्णा होते, यांना तेही नसतील.

दादासाठीही एक सांगणं आहे आणि ते त्याला आवडणार नाही. नुसतं दाराबाहेर उभं राहून चालायचं नाही. अण्णांनी इंग्रजी येत नसताना पुस्तक पाठ केलं होतं. गॅरेजमध्ये आयटीआय झालेली एक मुलगी आहे, तिला इलेक्ट्रिक गाड्यांचं रीतसर शिक्षण घ्यायचंय आणि दादा फी भरायला का-कू करतोय. माझ्या मते भाच्याने साठ लाखांतले थोडे तिकडे वळवावेत. ती गाडी आज ना उद्या पेण-रोह्याच्या रस्त्यावर येणारच आहे, या कंपनीची नाहीतर त्या. तेव्हा ती उघडू शकणारं कुणीतरी भिसे खिंडीच्या अलीकडे असलेलं बरं.